रेनडिअरच्या चालीने

गाडीने माणसाशी बोलावं हेच रावद्नाला पहिल्या दिवशी पटलं नाही. किल्ली लावली, बटण दाबलं, आणि हँडलच्या मधोमध तळहाताएवढा पडदा उजळला. त्यावर अक्षरं आली: ‘सुप्रभात, रावद्ना.’ दुपारचे दोन वाजले होते.

“हिला माझं नाव कुणी सांगितलं?”

“मी,” योव्ना म्हणाला. हा तिच्या थोरल्या भावाचा मुलगा. तिशी उलटली तरी बर्फावर चालणारी ही नवी स्नोमोबाईल आल्यापासून तिच्याभोवती सारखा घिरट्या घालत होता. “फोनवरून घालता येतं, आत्या. छान वाटतं ना?”

“शी. काढ ते.”

“राहू दे की गं.”

“ओळख ना पाळख, आणि गळ्यात पडते मेली. काढ आधी.”

त्याने काढलं. रावद्ना गाडीवर बसली आणि दोन मिनिटांत तिचं बूड गरम व्हायला लागलं. तीही गाडीचीच करणी. सत्तावन्न वर्षांच्या बाईचं बूड न विचारता गरम करायचा हिला कुणी अधिकार दिला, या विचाराने तिला इतकी किळस आली की ती उठून उभी राहिली. त्याबरोबर गाडी टुंग टुंग वाजायला लागली, कारण बसलेलं माणूस उठलं होतं. वर कोऱ्या प्लास्टिकचा तो वास. नाकात गेला की घशाला चिकटायचा.

जुनी गाडी एकोणीस हिवाळे चालली. दोरी ओढून चालू करावी लागायची, ती खोकायची, निळा धूर ओकायची, आणि तिच्या ऑइलचा वास रावद्नाच्या केसांत, कपड्यांत, पिशवीतल्या पावातसुद्धा बसलेला असायचा. नोव्हेंबरात तळ्याच्या मधोमध तिच्या पोटात काहीतरी फुटलं. रावद्नाने इंजिन घरी आणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडलं, आत पाहिलं आणि परत झाकलं.

आणि तिच्या जागी हे ध्यान. घरामागच्या तळ्यावर रावद्ना ते चालवायला घेऊन गेली. उजव्या अंगठ्याखालचा रेसचा दांडा दाबला, काही नाही. आणखी दाबला, नुसताच आवाज. आणखी केसभर दाबला मात्र, गाडीने अशी उडी घेतली की रावद्नाची टोपी मागे बर्फात पडली आणि मान लचकता लचकता राहिली. पन्नासच्या पुढे गाडी सुरेख पळत होती. अगदी लोण्यावरून सुरी जावी तशी. ते तिला कळलं, आणि त्याचाच जास्त संताप आला, कारण पन्नासच्या पुढे तिला जायचंच नव्हतं.

तिला जायचं होतं ताशी पाचने. एप्रिलच्या शेवटी रेनडिअरच्या अकराशे गाभण माद्या उत्तर नॉर्वेतल्या फिनमार्कच्या पठारावरून विण्यासाठी समुद्राकडे न्यायच्या, सहा दिवसांची वाट. सगळ्यांत पुढे एक गाडी. तिच्या मागे दोरीला बांधलेला माणसाळलेला नर, गळ्यात घंटा, तो म्होरक्या. त्याच्या मागे सारा कळप. मागची माणसं फक्त रेंगाळणाऱ्यांना हाकतात. पुढच्याने चालायचं ते रेनडिअरच्या चालीने, पाऊलभर कमी नाही की जास्त नाही. गाडीने हिसका दिला की म्होरक्या बुजतो, तो बुजला की माद्या उधळतात, आणि गाभण मादी उधळली की पोटातलं पाडस गेलं म्हणून समजा. ही पुढची जागा एकतीस वर्षं रावद्नाची होती. गुडघे गेल्यावर बापाने म्होरक्याची दोरी थोरल्या भावाच्या, इस्सातच्या हातात दिली नाही, तिच्या हातात दिली. हे इस्सात विसरला नव्हता, आणि ती त्याला विसरूही देत नव्हती.

संध्याकाळी इस्सात आला. कॉफीत चीजचे तुकडे टाकून बसला, दोन तुकडे चमच्याने काढून खाल्ले, आणि मग मुद्द्यावर आला.

“योव्ना म्हणत होता, गाडी जमत नाही तुला.”

“गाडीला मी जमत नाही. मला गाडी जमते.”

“हे बघ, यंदा योव्नाला जाऊ दे पुढे. तू मागून ये माझ्याबरोबर. नाहीतर सामान घेऊन मोटारीने पुढे जा, जेवणाचं बघ.”

“जेवणाचं,” रावद्ना म्हणाली.

“अगं वाईट काय त्यात? गाब्बा येतो गाडीच्या मागे. वर कोण बसलंय याच्याशी त्याला काय करायचंय?”

गाब्बा म्हणजे तो पांढरा म्होरक्या. आठ वर्षांपूर्वी आई मेलेलं पाडस म्हणून रावद्नाने त्याला चुलीजवळ वाढवला होता.

“गाब्बा माझ्या मागे येतो,” ती म्हणाली. “आणि बाकीच्या त्याच्या मागे. बसायची जागा नाहीये दादा ती, तुला कुणी सांगितलं ती बसायची जागा आहे म्हणून?”

इस्सातने कप ठेवला. “बरं. निघायला आठ दिवस आहेत. तोवर ही गाडी चालीने चालवून दाखव. चालली तर पुढे तू. नाही चालली तर योव्ना, आणि मग दर वर्षी योव्ना. उगाच रुसायचं नाही.”

“रुसायला मी काय नवी नवरी आहे?”

तो गेल्यावर तिने त्याचा कप जरा जास्तच जोरात विसळला.

दुसऱ्या दिवशी ती गाडी गावातल्या वर्कशॉपमध्ये घेऊन गेली. तिथला तोर्मोद नॉर्वेजियन, रावद्नाच्या रेनडिअर पाळणाऱ्या लोकांतला नव्हे, पण जन्म इथलाच, आणि स्नोमोबाईलच्या पोटात हात घालून आतड्यांना नावं सांगणारा. तिचं म्हणणं त्याने दोनदा ऐकून घेतलं.

“म्हणजे मावशी, लोक माझ्याकडे गाडी जोरात पळवायला आणतात आणि तू हळू करायला आणलीस?”

“हो.”

“एवढी ताकदीची गाडी.”

“मग? ताकद आहे म्हणून घरात पण पळत सुटतोस का तू?”

तोर्मोद हसला आणि कामाला लागला. क्लचमधली स्प्रिंग काढून मऊ स्प्रिंग घातली, म्हणजे कमी रेसवरच क्लच पकडेल आणि गाडी उडी न घेता सरकेल. वरची दातेरी चकती बदलून लहान बसवली. रावद्ना शेजारी बसून प्रत्येक नट हातात घेऊन बघत होती आणि प्रत्येक नटाला नावं ठेवत होती. झाकणाचे स्क्रू तर तिला बघवेनात. चांदणीच्या आकाराचं डोकं, त्याला वेगळा पाना, आणि प्लगपर्यंत पोचायचं तर असे सहा स्क्रू काढायचे. जुन्या गाडीचे प्लग ती हातमोजे न काढता बदलायची.

“हे कुणी केलं असेल रे? ज्याने केलं त्याला आयुष्यात कधी थंडी वाजली आहे का?”

“ऑफिसात बसून करतात, मावशी.”

“बसू देत. त्यांचीही बुडं गरम होत असतील.”

गाडी आता सरकायला लागली. रावद्नाने ती तळ्यावर एका रेषेत चालवली आणि योव्नाला शेजारून पायी चालायला लावलं, त्याची चाल हीच मोजपट्टी. अर्धा तास छान गेला. मग पडद्यावर लाल थर्मामीटर लुकलुकायला लागला आणि गाडीने केविलवाणा सूर लावला. तापली होती. हिला थंड राहायला खालून उडणारा भुसभुशीत बर्फ लागतो, आणि भुसभुशीत बर्फ उडायला वेग लागतो. एप्रिलच्या सकाळी इथला बर्फ फरशीसारखा कडक, त्यावरून पायी चालीने जायचं, म्हणजे ही तापणारच.

“बर्फात राहून हिला ताप चढतो,” रावद्ना म्हणाली. तोंड कडू करून ती तिथेच थुंकली.

पुन्हा तोर्मोद. त्याने पुढे छोटा रेडिएटर आणि पंखा बसवला, खाली बर्फ खरवडणाऱ्या दोन तारा लावल्या. पुन्हा तळं, पुन्हा योव्ना पायी. दोन तास चालली, तापली नाही. स्कींच्या मधलं अंतर, पुढच्या स्प्रिंगा, रबरी पट्ट्याचा ताण, सगळं रावद्नाने स्वतःच्या हाताने बसवलं, काढलं, परत बसवलं. पाचव्या दिवशी गाडी अशी चालायला लागली की कॉफीचा कप पुढे ठेवला तरी हिंदकळला नसता. योव्नाने टाळ्या वाजवल्या. रावद्नाला आनंद झाला नाही. एखाद्या न आवडणाऱ्या पाहुण्याला नीट जेवायला शिकवावं, तसं तिला वाटत होतं.

सहाव्या दिवशी तिने गाब्बाला दोरी बांधली.

गाब्बा आला, गाडीच्या मागे उभा राहिला, नाक पुढे करून त्याने हुंगलं. रावद्नाने हळूच रेस दिली. दोरी ताणली गेली. गाब्बाने चारी पाय रोवले, मान खाली घातली आणि हलेना. तिने हाक मारली. त्याने कान हलवले. तिने उतरून पावाचा तुकडा दिला, तो त्याने खाल्ला. ती परत बसली, रेस दिली, आणि याने परत पाय रोवले. असं दहादा झालं. अंगणाच्या टोकाला इस्सात हाताची घडी घालून उभा होता. तो पाठ फिरवून निघून गेला, ते तिला त्याच्या बोलण्यापेक्षा जास्त झोंबलं.

ती गाडीभोवती फिरली. खाली वाकली. धुराच्या नळीशी नाक नेलं. आणि मग तिला उमगलं.

“हिला वासच नाही,” ती योव्नाला म्हणाली.

“काय?”

“धूर नाही, वास नाही. गाब्बाला कळणार कसं, की पुढे मी आहे?”

आता खरं तर पुढे ती होतीच. डोळ्यांसमोर होती, आवाज देत होती, हातातला पाव देत होती. तरी गाब्बा हलला नव्हता. पण हा विचार रावद्नाने त्या दिवशी पुढे नेला नाही. तिने फडताळातून जुन्या गाडीच्या ऑइलचा डबा काढला आणि नव्या गाडीच्या पेट्रोलच्या टाकीत हात सैल सोडून ओतला. योव्ना डोक्याला हात लावून बघत राहिला.

“आत्या, ही गाडी आपलं ऑइल आपण मोजून घेते. असं वरून ओतायचं नसतं.”

“तिला काय कळतंय.”

“प्लग काळे होतील. हळू चालवताना तर लगेच.”

“प्लग बदलता येतात. म्होरक्या बदलता येत नाही.”

गाडी चालू केली. मागून निळा, दाट, डोळ्यांत चुरचुरणारा धूर आला. गाब्बाने मान वर केली, नाकपुड्या फुगवल्या, आणि रेस दिल्याबरोबर शहाण्यासारखा मागे चालायला लागला. घंटा वाजायला लागली. रावद्नाने तळ्याला तीन फेऱ्या मारल्या आणि मुद्दाम इस्सातच्या खिडकीखालून गेली.

ठरल्या दिवशी, उजाडताच, कळप निघाला. पहिले दोन दिवस चांगले गेले. पुढे रावद्ना, मागे गाब्बा, त्याच्या मागे दीड किलोमीटर लांब करडी रांग, आणि टोकाला इस्सात आणि योव्ना आपापल्या गाड्यांवर. एवढ्या पोटुशा माद्या, एकही उधळली नाही. दोन्ही संध्याकाळी रावद्नाने प्लग काढून पुसले. काजळी धरली होती, पण चालत होते. सहा स्क्रू काढायचे, सहा लावायचे, बोटं बधिर करून घ्यायची, आणि गाडी बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. इस्सात वाळवलं मांस कापत बसायचा. दुसऱ्या संध्याकाळी म्हणाला, “चाल चांगली आहे गाडीची.” त्याच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळच.

तिसऱ्या सकाळी नदी आली. या वाटेवर खरी भीती हीच. काठापासून काठापर्यंत तीनशे पावलं, आणि यंदा ऊन लवकर लागल्यामुळे मधला बर्फ काळसर झालेला, वर बोटभर पाणी. अशा बर्फावरून कळप जातो, पण रांगेने, सैल, न थांबता. थांबला की मागच्या पुढच्यांवर येतात, अकराशे जनावरांचा भार एका ठिकाणी पडतो, आणि खाली नदी आहे. बापाच्या वेळी दुसऱ्या एका घराण्याचा कळप असाच उभा राहिला होता. त्या घरात पुढे कुणी कळप पाळला नाही.

रावद्ना बर्फावर उतरली. गाब्बा मागे, त्याच्या मागे पहिल्या माद्या. शंभर पावलं. दीडशे. गाडीने एक आचका दिला. रावद्नाने अंगठा तसाच ठेवला. गाडीने दुसरा आचका दिला, फट्‌कन आवाज केला, आणि बंद पडली.

पडद्यावर अक्षरं आली: ‘इंजिनात बिघाड. जवळच्या विक्रेत्याशी संपर्क साधा.’

जवळचा विक्रेता एकशे चाळीस किलोमीटरवर होता. “शी,” रावद्ना म्हणाली. तिने बटण दाबलं, परत दाबलं. घरघर आणि पुन्हा तीच अक्षरं. खिशातून पाना काढून ती गुडघ्यावर बसली. पाणी लगेच गुडघ्यांतून आत आलं. पहिला स्क्रू निघाला. दुसरा निघेना, तो गोठला होता. तिने मागे पाहिलं. पहिल्या वीस-पंचवीस माद्या गाब्बाच्या मागे थांबल्या होत्या, आणि त्यांच्या मागच्या बाजूबाजूने पसरत पुढे येत होत्या.

कोटाच्या आत वॉकीटॉकी होता. तिने तो हातात घेतला आणि एक क्षण तसाच धरला. सांगितलं की संपलं, हे तिला ठाऊक होतं. इस्सात तोंडाने काही म्हणणार नाही, पुढच्या वर्षी योव्ना पुढे बसेल, आणि ती मोटारीतून बटाटे घेऊन जाईल. न सांगावं तर मागून ते दोघं कळप ढकलत राहतील. तो क्षण तिला नंतर फार दिवस पुरला. मग तिने बटण दाबलं.

“दादा, थांबा. हाकू नका. गाडी बंद पडली. नदीच्या मध्ये आहे मी.”

“थांबलो,” इस्सातचा आवाज आला.

तिने पाना टाकला, गाब्बाची दोरी गाडीपासून सोडली आणि हातात घेऊन चालायला लागली. बाप असाच न्यायचा. गाडी नव्हती तेव्हा असंच न्यायचे सगळे. गाब्बा दोन पावलं आला आणि थांबला. त्याने मान वळवून गाडीकडे पाहिलं. तिने दोरी ओढली. “चल रे बाबा,” ती म्हणाली, “चल माझ्या राजा.” तो मागे सरला, धुराच्या नळीपाशी गेला, ती हुंगली आणि तिथेच उभा राहिला. तिने खिशातला पाव काढला. त्याने पाव खाल्ला आणि तिथेच उभा राहिला. तिने दोरी खांद्यावरून घेऊन सगळा भार टाकून ओढली, घसरली, पाण्यात हातावर पडली, उठली, परत ओढली. तो तिच्याकडे बघतही नव्हता.

पायाखाली बर्फ कुरकुरला. लांब, खोल आवाज, एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे गेलेला. माद्या आता गाडीभोवती गोळा होत होत्या, शिंगाला शिंग लागत होतं, आणि पाणी तिच्या घोट्यापर्यंत चढलं होतं. म्हणजे बर्फ खाली बसत होता. रावद्ना ओरडली नाही. ओरडली असती तर त्या उधळल्या असत्या. दोरी धरून ती उभी राहिली आणि आता काय करायचं हे तिला सुचेना. एकतीस वर्षांत पहिल्यांदा सुचेना.

तेव्हा एक मादी गर्दीतून बाहेर आली. लहानखुरी, पोट खाली आलेलं, एका शिंगाचा टोकाचा फाटा मोडलेला, कानाला रावद्नाच्या मालकीची कापलेली खूण. तिने गाडीकडे पाहिलं नाही, गाब्बाकडे पाहिलं नाही, रावद्नाकडेही नाही. मान खाली घालून ती पाण्यातून पलीकडच्या काठाकडे चालायला लागली, पाणवठ्यावर जावं इतक्या साधेपणाने. तिच्या मागे दुसरी निघाली. मग चार. मग गर्दी आपोआप सुटली, सैल झाली, तिची रांग झाली, आणि ती रांग रावद्नाच्या दोन्ही बाजूंनी वाहायला लागली. चालताना रेनडिअरच्या घोट्यांतल्या शिरा वाजतात, ती टिकटिक तेवढी ऐकू येत होती. त्यांना समुद्राकडे जाऊन विणं भाग होतं, आणि वाट त्यांना माहीत होती.

गाब्बाने सगळ्या चाललेल्या पाहिल्या आणि हिसका दिला. रावद्नाच्या हातातून दोरी गेली. घंटा वाजवत तो रांगेत घुसला, पुढे नाही, कुठेतरी मध्येच.

रावद्ना परत गुडघ्यावर बसली. दुसरं काय करणार. पाना शोधला, गोठलेल्या स्क्रूवर तोंडाची वाफ सोडली. कोटातून इस्सातचा आवाज आला.

“हलला गं कळप. पायी निघालीस ना? शाब्बास.” थोडी खरखर. मग पुन्हा, जरा घोगऱ्या आवाजात, “बाबाच आठवले बघ. पुढची जागा तुझीच आहे, रावद्ना. मी परत काढणार नाही तो विषय.”

तिने पाना परत स्क्रूला लावला. स्क्रू निघाला. तिसरा, चौथा, मग शेवटचे दोन. काळेकुट्ट प्लग निघाले, खिशातले नवे बसले. तिला शिसारी आली होती, आणि आता ती गाडीची नव्हती. आठ दिवस तिने या गाडीला चालायला शिकवलं होतं, त्यात धूर भरला होता, वास भरला होता, कशासाठी, तर अकराशे जनावरांनी तिच्या मागे यावं म्हणून. अकराशे जनावरं शेजारून गेली होती.

रांगेची शेपटी आली. तिच्या मागे योव्नाची गाडी. इस्सात अजून मागे, काठावर, उंचवट्याआड होता. योव्ना थांबला, उतरला, आणि तिच्याकडे बघत राहिला.

“आत्या? तू इथे?” त्याने पलीकडच्या काठाकडे पाहिलं. रांगेचं तोंड चढ चढून वर गेलं होतं. “मग पुढे कोण आहे?”

रावद्ना झाकणाचा स्क्रू पिळत राहिली. योव्ना पोरगा चांगला होता, त्याला समजायला फार वेळ लागला नाही. तो तिच्या शेजारी बसला, झाकण धरलं, आणि हळूच म्हणाला, “मी नाही सांगत बाबांना. तू चल, माझ्या गाडीवर बस. बाजूने पुढे जाऊ. त्यांना कळणारही नाही.”

हे ऐकून तिला आतून इतकं घाण वाटलं की सकाळपासूनचं सगळं त्यापुढे काहीच नव्हतं. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि वॉकीटॉकी काढला.

“दादा.”

“बोल.”

“मी पुढे नाहीये. मी नदीवरच आहे, योव्नाजवळ. सगळ्यांच्या मागे.”

खरखरीतून इस्सातने विचारलं, “मग कळप कुणाच्या मागे चाललाय?”

“एका मादीच्या. आपलीच आहे. कानाला माझीच खूण आहे.”

“कोणती गं?”

रेनडिअर पाळणाऱ्या त्यांच्या लोकांत तीन वर्षांचं पोरसुद्धा आपली जनावरं शिंगावरून, चालीवरून ओळखतं. रावद्नाने आठवून पाहिलं. लहानखुरी, फाटा मोडलेली. किती वर्षं या कळपात असेल, किती पाडसं दिली असतील. एकतीस वर्षं कळपाकडे तिची पाठ होती.

“मला माहीत नाही, दादा,” ती म्हणाली.